दातवाल्यांचे जाड टायर

आमचे हे कवळ्या बनवतात. अख्खी गल्ली त्यांना दातवाले म्हणते आणि मला दातवालीणबाई. माझं खरं नाव कुणाला आठवत असेल तर शपथ. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून पेशंटच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा आणायचा, आमच्या मागच्या खोलीत त्यावर कवळी करायची आणि नेऊन द्यायची, हा तीस वर्षांचा धंदा. ने-आण सगळी सायकलवर. सायकलही कुठली, तर रेसची. टायर अंगठ्याएवढे आणि हवा इतकी ठासलेली, की दाबून बघावं तर आपलंच बोट दुखावं.

रस्ता गुळगुळीत होता तोवर ठीक चाललं. मग पाइप टाकायला तो उखडला, वर खडी पसरली आणि पसरणारी माणसं जी गायब झाली ती झालीच. रिक्षावाले तिकडे फिरकेनात. त्या खडखडाटात महिन्याभरात दोन साचे तडकले. साचा तडकला की बिचाऱ्या पेशंटला पुन्हा आ वासून बसावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, आणखी एक फुटला तर काम दुसऱ्याकडे जाईल. आम्हाला दुसरा दवाखाना नाही. 

सायकलवाला म्हणाला, जाड टायर घाला, हवा कमी ठेवा, धक्के टायरच खाईल. फक्त चाक ज्या चिमट्यात बसतं तिथे सगळीकडून काडेपेटीच्या दोन काड्या जातील एवढी फट सोडा. हे ऐकतील तर ना! घरी येऊन यांनी दाताचं मेण मऊ केलं, चिमट्यात दाबून ठसा घेतला आणि बरोब्बर त्या मापाचे, बत्तीस मिलिमीटरचे टायर आणून चढवले. फट म्हणाल तर केसाएवढी. मी विचारलं, तो सायकलवाला काय वेडा आहे? तर म्हणे, माप घट्ट बसलं की काम चोख. कवळीचं ठीक आहे हो, पण कवळी काही चिखलातून फिरत नाही.

दुसऱ्याच दिवशी एका आजीबाईंची कवळी डब्यात घेऊन निघाले. ओल्या खडीतला एक खडा टायरला चिकटला, चिमट्यात अडकला आणि चाक जागच्या जागी थांबलं. हे थांबले नाहीत. पडताना डबा मात्र दोन्ही हातांनी वर धरला. म्हणून कवळी शाबूत राहिली आणि यांचा पुढचा दात गेला.

तसेच चालत दवाखान्यात. आजीबाई नवे दात घालून आरशात बघतायत आणि दातवाले रुमालाने तोंड दाबून उभे. डॉक्टरीणबाईंना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी यांनाच खुर्चीत बसवून माप घेतलं.

"उद्या तुमचाच साचा घेऊन जा," त्या म्हणाल्या. "सायकलवरूनच न्या. फुटला, तर आपलं काम संपलं."

घरी जखम धुता धुता मी यांना चांगलंच फैलावर घेतलं आणि मध्येच मला रडू आलं. माणूस थोडक्यात वाचला होता.  सकाळी निमूट जाऊन बत्तीसचे टायर काढले, अठ्ठावीसचे घातले आणि दोन काड्या चिमट्यात सगळीकडून फिरवून बघितल्या. हवाही सायकलवाल्याने सांगितली तेवढीच.

दुपारी दवाखान्यातून येऊन डबा टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "तूच उघड."

मी कापूस बाजूला केला. वरचा जबडा, खालचा जबडा, उलटून पालटून पाहिलं, कुठेही चीर नाही. पुढचा एक दात तेवढा कमी, तो तर आधीच गेलेला.

फोन मीच लावला. साचा धड आला म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंनी कुठे चीर नाही ना, ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, उद्या तीन साचे तयार आहेत, न्यायला पाठवा. मी यांना सांगितलं. हे हसले, आणि त्या फटीसकट इतकं मोकळं हसणं मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.