एका वेळी एकच स्क्रू

शिलाई मशीनच्या मिस्त्रीचा धंदा एका नियमावर चालतो: एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा आणि चिंधीवर टाके घालून बघायचे. दोन एकदम फिरवले की कशामुळे सुधारलं आणि कशामुळे बिघडलं, ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. कपड्यांच्या कारखान्यातली साठ मशीनं आपल्या मिस्त्रीने अशीच वठणीवर ठेवली होती. स्वतःचं शरीर बिघडल्यावर मात्र गडी हा नियम साफ विसरला.

बोटांचे सांधे सुजायचे, सकाळी मूठ मिटायची नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीराचे पहारेकरीच चुकून घरच्यांना बडवतायत. गोळ्या नेमाने घ्या, आणि पोटही सांभाळा."

पोट सांभाळायला अख्खं गणगोत धावून आलं. बहीण म्हणाली दूध सोड, मेव्हणा म्हणाला गहू सोडा, शेजाऱ्याच्या मते टोमॅटो म्हणजे विषच. मिस्त्रीने सगळ्यांचं ऐकलं. महिन्याभरात पँट कमरेवर ठरेना आणि बोटं होती तशीच. त्यात सुपरवायझरने बजावलं, "तीन महिन्यांत हात चालले नाहीत, तर तुम्हाला बटणांच्या स्टोअरमध्ये बसावं लागेल." नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखणारा माणूस, आणि त्याच्या नशिबी बटणं! मिस्त्री मनातून पार खचला.

बायको त्याच कारखान्यात खिसे शिवायची. तिने एक दिवस ताट समोर आपटलं. "अहो, मशीन टाके सोडायला लागलं की सगळे स्क्रू एकदम फिरवता का?"

मिस्त्री ओशाळला. दुसऱ्या दिवसापासून नियम लागू झाला. गोळ्या ठरल्याप्रमाणे चालूच. सोडलेले पदार्थ एकेक करून परत, प्रत्येकाला दहा दिवस. वहीत रोज कामावरच्या पहिल्या स्क्रूची नोंद व्हायची: 'फिरला', 'रडत फिरला' किंवा 'नाही फिरला'. टोमॅटो निर्दोष सुटला, गहूही सुटला. दुधाने पोट फुगलं, दह्याने नाही. कडधान्यं आणि भाज्या वाढल्या तसं पोट हलकं राहू लागलं. कारखान्याच्या गेटबाहेरची भज्यांची प्लेट आणि सोड्याच्या दोन बाटल्या मात्र वहीत कधी आल्याच नव्हत्या. "ते खाणं थोडंच आहे, तो विरंगुळा," मिस्त्री म्हणाला. बायकोने विरंगुळाही बंद केला.

हळूहळू 'फिरला'ची रांगच लागली. मिस्त्री हवेत तरंगू लागला. "आता गोळ्या सोडून बघू?"

"त्या डॉक्टरीणबाई ठरवतील. तुम्ही नाही."

मुदत संपायला आठवडा उरला असताना बायको दात दाखवायला गेली. त्या दिवशी सर्व्हिसिंगच्या पहिल्या मशीनवरची बाई म्हणाली, "मिस्त्री, थांबा. आज वहिनी नाहीत, मीच स्क्रू सैल करून देते."

"म्हणजे?"

"रोज तुमच्या आधी येऊन त्याच करतात ना!"

मिस्त्रीला घाम फुटला. म्हणजे वही खोटी! खाणं बदललं ते बदललं, वर हा दुसरा स्क्रू कुणीतरी गुपचूप फिरवत होतं. संध्याकाळी तो भांडायच्या तयारीने घरी गेला. बायको सुजलेला गाल धरून बसली होती.

"अर्धा तास आधी निघतेस, ते यासाठी?"

"मग काय करू? तुम्हाला बटणांत बसलेलं बघवलं नसतं मला."

त्याला तिची इतकी माया आली की तो भांडण विसरला. एवढंच म्हणाला, "उद्या हात लावू नकोस. खरं काय ते बघू दे."

सकाळी स्क्रू घट्ट होता. बायको पलीकडच्या रांगेत मान खाली घालून खिसे शिवत होती. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर लावला आणि जोर दिला. काही नाही. बोटं ठणकली. श्वास घेऊन त्याने पुन्हा जोर दिला, आणि स्क्रू कुरकुरत फिरला. वहीत त्याने खरं तेच लिहिलं: 'रडत फिरला'. मग पुढच्या मशीनकडे गेला, आणि त्याच्याही पुढच्या.

दुपारी तपासनिसाने बायकोचा गठ्ठा परत पाठवला. वीस वर्षांत प्रथमच तिने सकाळचे सगळे खिसे उलटे शिवले होते.