गिळणं हे शास्त्र नव्हे

मिक्स्चरच्या बाटलीचं एक असतं. हलवली नाही तर औषध तळाला बसतं आणि वर नुसतं पाणी दिसतं. माझ्या किश्शांचं तसंच झालंय. संध्याकाळी नाक्यावरच्या बाकावर आम्ही चार म्हातारे बसतो. कोणीतरी म्हणतं, "धोंडू, तुझे ते केरकरसर काय करायचे रे?" की हलली बाटली! एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा वर येतो, आणि घरून जेवायच्या हाका सुरू होतात.

शाळेचं नि माझं काही जमलं नाही. मी परळला औषधांच्या एका कॉलेजात शिपाई होतो. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा कर्फ्यू. आणि अशा दिवसांत आमचे केरकरसर चाळीचाळींतून हिंडत होते, एकच प्रश्न घेऊन: "डॉक्टरनं दिलेलं औषध तुम्ही घेता कसं?"

बाकीचे प्रोफेसर लॅबमध्ये गोळ्या पाडायचे, मलमं घोटायचे. सर म्हणायचे, "धोंडू, औषध बाटलीत काम करत नाही रे. पोटात जावं लागतं. आणि ते कसं न्यायचं हे त्या माणसाला कोणी सांगतच नाही." त्यांची थोरली बहीण तापानं गेली तेव्हा उशाशी बाटली भरलेली होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही.

प्रिन्सिपॉलसाहेबांना हे हिंडणं मान्य नव्हतं. "केरकर, औषध बनवणं हे शास्त्र आहे. गिळणं हे शास्त्र नव्हे!" असं ते माझ्यासमोर म्हणाले. शेवटी त्यांनी मुदतच घातली. "दिवाळीच्या सुट्टीआधी मला एक पेशंट दाखवा. तुम्ही समजावलंत म्हणून औषध नीट घेणारा. एकच! नाही दाखवलात, तर हे सगळं बंद. मग लॅबमध्ये मलम घोटत बसा."

एक पेशंट. अख्ख्या गिरणगावात एक मिळणार नाही? सर हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो.

*

पहिल्या दिवशी चिंचपोकळीला गेलो. सरांच्या अंगात कोट, हातात पेन्सिल. त्या दिवसांत चाळीत कोटवाला माणूस प्रश्न विचारत फिरला की तो सीआयडीचाच. माळ्यावर कोणाचा ना कोणाचा चळवळीतला भाचा लपलेला असायचा!

सर दारात उभे राहून विचारायचे, "औषध नियमित घेता ना?"

"हो साहेब."

"वेळेवर?"

"हो साहेब."

मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांत हेच. सर इतके खूश झाले की विचारू नका. मग एका दारात त्यांना सहज सुचलं, म्हणाले, "बरं, आजारी कोण आहे?"

"कोणीच नाही साहेब!"

खाली उतरता उतरता एक म्हातारबुवा भेटले. ते खरंच आजारी होते, खोकत होते. सरांना ते खोलीत घेऊन गेले. देवाच्या फळीवर औषधाची बाटली, भरलेली. वर हळदकुंकू वाहिलेलं.

"हे घेत का नाही तुम्ही?" सरांनी विचारलं.

"वा! घेऊन संपलं, आणि मग आजारी पडलो तर?"

*

लालबागेत बाबाजी म्हणून एक होता, गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, कामाला. घरात घड्याळ नाही. आज दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रातपाळी. त्याला सकाळ, दुपार, संध्याकाळ सांगून काय उपयोग? त्याची सकाळ दिवेलागणीला व्हायची!

सरांना युक्ती सुचली. म्हणाले, "बाबाजी, पाळीचा भोंगा होतो ना? भोंगा झाला की एक डोस. विषय संपला."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर बाटली रिकामी.

"अहो, आठवड्याचं औषध होतं!"

"मग भोंगे किती झाले मोजा की सर," बाबाजी म्हणाला. "ही गिरणी, ती गिरणी, पलीकडची, पुलाजवळची. पितापिता दम लागला मला. झोप नाही!"

नशीब की औषध खोकल्याचं साधं होतं. सरांनी नवी बाटली दिली आणि बजावलं, "फक्त तुमच्या गिरणीचा भोंगा." बाबाजीनं मान डोलावली. आठवड्यानं गेलो तर आता बाटली अर्धी शिल्लक, आणि बाबाजी पांघरूण घेऊन खोकतोय.

"आता काय झालं?"

"हरताळ होता ना सर. भोंगेच नाही झाले."

"म्हणून औषध बंद?"

बाबाजी उठून बसला. सरांकडे असं बघितलं, जणू सरच फितूर झाले. "अख्खी मुंबई बंद होती सर! औषधानं एकट्यानं कामावर जायचं?"

*

सर हट्टी. म्हणाले, भोंगा नको, चित्र काढू. वाचता न येणाऱ्यालाही चित्र कळतं. कंपाउंडर बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवतो, तिच्यावर सरांनी उगवता सूर्य काढला, डोक्यावरचा सूर्य काढला आणि चंद्र काढला. आणि अशा पिशवीभर बाटल्या घेऊन आम्ही नायगावला निघालो.

फक्त एवढंच लक्षात आलं नाही, की इलेक्शन तोंडावर होतं. भिंतीभिंतींवर निशाण्या रंगवलेल्या.

नाक्यावर हवालदारानं अडवलं. एक बाटली उचलून उन्हात धरली.

"औषध वाटून मतं मागता काय?"

"अहो, ही निशाणी नाही," सर म्हणाले. "हा सकाळचा डोस आहे."

"आणि हा चंद्र कोणाचा?"

"रात्रीचा डोस."

हवालदारानं सूर्याकडे बघितलं, चंद्राकडे बघितलं, मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काय रे, ह्या दोघांची युती झाली काय?"

बाटल्या जप्त! पुढच्या आठवड्यात सर सोडवायला चौकीवर गेले. बाटल्या मिळाल्या, सगळ्या. त्यातली एक रिकामी होती. हवालदार म्हणाला, "तपासली. आक्षेपार्ह काही नाही. खोकला मात्र थांबला."

सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्ही चित्र बघून वेळेवर घेतलंत?"

"छे! एका दमात. पुरावा चौकीत किती दिवस ठेवायचा?"

*

सरांना वाटलं, आपलं चुकतंय ते गिरणगावात. शिकलेल्या माणसाला सांगून बघू. म्हणून गिरगावात त्यांच्या ओळखीच्या एका रिटायर हेडक्लार्ककडे गेलो. भाऊसाहेब त्यांचं नाव. टापटीप माणूस. टेबलावर तीन रांगांत औषधं लावलेली. एक डॉक्टरांची, एक वैद्यांची, एक होमिओपॅथीवाल्यांची.

"तिन्ही एकदम घेता?" सर जवळजवळ किंचाळले.

"करणार काय? तिघेही आमच्या वाडीतले. एकाचं घेतलं तर उरलेले दोघे गणपतीच्या आरतीला येत नाहीत."

"मग गुण कोणाच्या औषधानं आला?"

भाऊसाहेबांनी उठून आधी खिडकी लावली. "हळू बोला. मला इथंच राहायचंय!"

*

दिवाळी जवळ येत चालली. पेशंट एक नाही. सर कमी बोलायला लागले. डबासुद्धा अर्धाच खायचे.

मग लालबागेतच सखाराम सापडला. मालवणकडचा, गिरणी कामगार. एका खोलीत डझनभर माणसं पाळ्यापाळ्यांनी झोपायची, सगळी एका गावची. शेजारच्या खोलीत मुक्ताबाईंची खानावळ, तिथं जेवायची. सखारामाच्या छातीत दोष निघाला होता आणि दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या मिळाल्या होत्या. तीन दिवसांत फडशा!

सर घाबरले. "सखाराम, एवढ्या गोळ्या खाल्ल्यास?"

"मी खंय खाल्लंय? सगळ्यांनी खाल्ल्यांनी."

"सगळ्यांनी? का?"

"आमी एकाच गावचे, सर. एकट्यान खावचा बरा दिसता काय?"

सरांनी डोक्याला हात लावला. तेवढ्यात मुक्ताबाई आल्या. डोईवर पदर, हातात पळी, आणि आवाज असा की तळमजल्यावर ऐकू जावा. म्हणाल्या, "रातपाळीवाल्यांच्या वाटणीच्या उरल्यात हो सर. त्या मी झाकून ठेवल्यात!"

खरंच, ताटाखाली झाकलेल्या होत्या. भाकरीशेजारी.

त्या दिवशी सर पहिल्यांदा खाली बसले. कोट काढला, पेन्सिल खिशात ठेवली. मुक्ताबाईंना म्हणाले, "बाई, डाळभात वाटून खायचा. हे वाटलं तर कोणालाच पुरत नाही, आणि सखाराम मरतो." बास, एवढंच बोलले. मुक्ताबाईंनी नव्या गोळ्या आपल्या डब्यात ठेवल्या आणि पंगतीत जाहीर केलं, "आजपासून ह्या सखारामाच्या. जो मागेल त्याचा भात बंद!"

एकजण कुरकुरला, "आमी काय पाप केला?" पण भात बंद म्हटल्यावर गप्प बसला.

आणि सखाराम रोज गोळी घ्यायला लागला. मुक्ताबाई पानात वाढायच्याच ती, लोणच्याच्या जागी. खोकला कमी झाला, अंग भरलं. सरांनी प्रिन्सिपॉलसाहेबांना सांगितलं, "पेशंट मिळाला. या बघायला." साहेब म्हणाले, "शनिवारी येतो."

*

शुक्रवारी सखाराम सत्याग्रहाला गेला आणि आत गेला!

सर धावत चाळीत आले. "त्याला आजारपणात जाऊ कसं दिलंत?"

"बरं वाटायला लागलं म्हणून तर गेला," मुक्ताबाई म्हणाल्या. "काळजी नको, गोळ्या बरोबर दिल्यात."

सरांचा चेहरा पडला. "कोठडीत माणसं किती असतील?"

तेव्हा मुक्ताबाईंच्याही लक्षात आलं. त्यांनी पळी खाली ठेवली. मग सरांनी सांगून टाकलं, की उद्या साहेब येणार, पेशंट नाही, म्हणजे हे काम संपलं. सोमवारपासून लॅब. एवढं बोलून ते निघाले. जाताना जिन्यावर क्षणभर थांबले, मागे बघितलं.

शनिवारी साहेब आले, मागून सर नि मी. अंगानं भारी माणूस, तीन जिने चढून वर पोचले तेव्हा धापा टाकत होते. वर बघतात तो गॅलरीत रांग! अख्खा मजला उभा. बायका, पुरुष, रातपाळीहून आलेले, सगळे. प्रत्येकाच्या एका हातात पाणी आणि दुसऱ्या हातात औषध. औषध म्हणजे काय, कोणाकडे हिंगाची गोळी, कोणाकडे खडीसाखर, एकाकडे तर शेंगदाणा. मुक्ताबाईंनी पळी वर केली आणि सगळ्यांनी एकदम गिळलं!

साहेबांनी पहिल्याला विचारलं, "तुम्हाला काय होतंय?"

"मला? काय नाय."

"मग औषध कशाला घेतलंत?"

"सरांसाठी."

दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही सरांना मलम घोटायला बसवणार म्हणे. म्हणून."

साहेब लाल झाले. "केरकर! ह्यात एकही पेशंट नाही!"

"नाही, साहेब," सर म्हणाले. खाली मान घालून उभे होते बिचारे. मला त्यांच्याकडे बघवेना.

साहेब आणखी काही बोलणार, पण श्वास पुरेना. त्यांनी कठडा धरला. मुक्ताबाईंनी पाट सरकवला, "बसा आधी. तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही. ब्लडप्रेशर."

"औषध नाही त्याला?"

"आहे. गोळी आहे."

"घेतली?"

साहेबांनी मान वळवली. मुक्ताबाई हलल्या नाहीत. शेवटी साहेबांचा हात कोटाच्या खिशात गेला आणि एक पुडी निघाली. तिच्या मागून दुसरी निघाली. मग तिसरी. मग एकदम चारपाच.

"बायको रोज सकाळी खिशात घालते," साहेब पुटपुटले. "दुपारी घेऊ म्हणतो. राहून जातं."

 सर हळूच पुढे झाले, साहेबांसमोर उकिडवे बसले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "साहेब, ही रोज एक. राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. बरं वाटलं तरी सोडायची नाही."

"मला माहीत आहे, केरकर!" साहेब ओरडले. "ही गोळी वर्गात मी शिकवतो!"

"हो साहेब," सर म्हणाले, आणि तसेच बसून राहिले.

साहेबांनी एकदा सरांकडे बघितलं. एकदा त्या रांगेकडे. मग एक पुडी सोडली, गोळी तोंडात टाकली, मुक्ताबाईंच्या हातातला तांब्या घेतला आणि प्याले.

आम्हाला वाटलं, संपलं. पण मुक्ताबाई कमरेवर हात ठेवून तशाच उभ्या.

"आता तोंड उघडा," त्या म्हणाल्या. "जीभ वर करा बघू."

आणि प्रिन्सिपॉलसाहेबांनी, अख्ख्या चाळीसमोर, जीभ वर केली.