विमानातली जागा

मेव्हण्याच्या अंगावर देशाच्या संघाचा कोट पाहिला आणि बरेनाबाला शिसारी आली. तो कोट खरं तर बरेनाबासाठी शिवलेला होता. बेसो बेटाच्या टोकाला, नारळीच्या सावलीत, गंजक्या दांडीवर तो वर्षानुवर्षं पोरापोरींना वजन उचलायला शिकवत होता. त्याच्या हाताखाली तयार झालेली तिरोबिया परदेशातल्या मोठ्या खेळांना निघाली होती. अख्ख्या किरिबास देशाचे खेळाडू तीन आणि सोबतचे पदाधिकारी सात. त्या सातांत कामाचा माणूस एकटा बरेनाबा, आणि तोच गळाला.

झालं असं, की मानेआबात, म्हणजे गावाच्या सभाघरात, म्हाताऱ्यांसमोर मेव्हणा कामातिए म्हणाला, "दाजी, बुबुती करतो. तुमची विमानातली जागा मला द्या."

नातलगानं बुबुती करून मागितलं की आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. होडी मागितली तर होडी, सदरा मागितला तर सदरा. नाही म्हणणाऱ्याला पुन्हा मानेआबात मान वर करून बसता येत नाही. बरेनाबाने जन्मभर दिलं होतं, मागितलंही होतं. पण इतकं निलाजरं मागणं त्याने ऐकलं नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"घे," तो म्हणाला. समितीला काय, एक नाव खोडून दुसरं लिहायचं.

मेव्हणा निघाला तेव्हा त्याने त्याला बजावलं, "सुरुवातीला तिच्यासाठी सत्तर किलो सांग. तीनच डाव मिळतात. आणि एकदा दांडीवर वजन चढलं की ते कमी करता येत नाही."

"अहो, कळतं मला."

कळत होतं डोंबल. स्पर्धेच्या दिवशी शेजाऱ्याच्या फोनभोवती वस्ती गोळा झाली. तिरोबिया समोर आली तेव्हा पाटीवर आकडा होता पंच्याऐंशीचा. तेवढं तिने सरावातही कधी उचललं नव्हतं. तिने वळून मागे पाहिलं, तर कामातिएची खुर्ची रिकामी. तीनदा दांडी गुडघ्यापर्यंत आली आणि तीनदा आदळली.

संघ परतल्यावर मेजवानी झाली. डुकराच्या मांसाचा तुकडा चघळत कामातिए म्हणाला, "सत्तर काय सांगायचं? बाकीच्या पोरी नव्वदच्या पुढं. देशाची लाज जायची."

"आणि तू होतास कुठं?"

"पोरांना बूट घ्यायचे होते ना, दाजी. तिकडं दुकानं लवकर बंद होतात."

लोक खो खो हसले. बरेनाबाला त्याच्या तेलकट ओठांची किळस आली, हसणाऱ्यांची त्याहून जास्त. घास तसाच टाकून तो बाहेर आला.

तिरोबिया समुद्राकडे तोंड करून बसली होती. तिने जेवणाला हात लावला नव्हता.

"माणूस नाही तो, घाण आहे," बरेनाबा म्हणाला. "पण बुबुती होती, पोरी. मी नाही कसं म्हणणार?"

"ठाऊक आहे, काका." तिने मान वळवली नाही. "जागा तुमची होती, तुम्ही दिलीत. माझे तीन डाव कुणाला विचारून दिलेत?"

आता बरेनाबाला स्वतःचीच किळस येत होती.