वाचताना सोडलेल्या ओळी

आमच्या भागात युद्धाची पोथी घरात वाचत नाहीत. वाचली तर घरातल्या माणसांत भांडणं लागतात, असं मानतात. त्यामुळे त्या प्राचीन महाकाव्याची माझ्याकडची तिन्ही भाषांतरं घराबाहेरच्या छपरीतल्या कपाटात असायची आणि मी ती तिथंच बसून वाचायचो. एक जाड मराठी गद्यातलं, एक हिंदी पद्यातलं आणि एक शाळेतल्या मुलांसाठी थोडक्यात केलेलं. एकच प्रसंग तिन्हींत काढायचा, कोणी काय घेतलं आणि काय टाकलं ते पाहायचं, हा माझा नाद. जिल्ह्याची वाटणी झाली त्या सुमारास मी मास्तर म्हणून लाखनीला आलो, तेव्हापासूनचा.

बायको तांदूळ निवडता निवडता ऐकायची. ती सिहोऱ्याची, सातवी शिकलेली, पण कान फार तिखट. मराठी भाषांतर ऐकून एकदा म्हणाली, "हा तहसीलीत अर्ज लिहून राहिला का जी?" आणि हिंदी कवीबद्दल, "याले घरी कोणी बोलू देत नसन."

मग आमचा मुलगा गेला. एकोणीस वर्षांचा होता, एकुलता एक. सकाळी मोटारसायकल घेऊन निघाला आणि महामार्गावर एका चहाटपरीसमोर ट्रकनं त्याला उडवलं. मी पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. टपरीवरच्या बाईनं मला बाजूला नेऊन सांगितलं की तो थोडा वेळ शुद्धीवर होता. पाणी मागत होता, आईला हाक मारत होता. ती गिलास घेऊन धावली, पण जमलेल्या लोकांनी तिला अडवलं. जखमी माणसाला पाणी द्यायचं नसतं, म्हणाले.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, "जागेवरच गेला. काही बोलला नाही."

त्या वेळी मला ते दयेचं वाटलं होतं.

वर्षभर मी कपाट उघडलं नाही. मग एका दुपारी तीच म्हणाली, "ते पोराचं वाचा."

कोणतं, ते विचारावं लागलं नाही. वेढ्यात एकटा सापडून मारल्या जाणाऱ्या तरुण राजपुत्राचा तो प्रसंग. मी सवयीनं छपरीकडे निघालो, तर तिनं थांबवलं.

"इथंच वाचा, घरात. भांडाले आता हाय कोण?"

पहिल्या दिवशी मराठी गद्य वाचलं. त्यात, तो पडल्यावर त्याचे ओठ कोरडे पडले आणि त्यानं पाणी मागितलं, असं एक वाक्य आहे. मी ते सोडलं. दुसऱ्या दिवशी हिंदी. त्या कवीनं तिथं चार कडवी लिहिली आहेत, पाण्याची आणि आईला मारलेल्या हाकेची. तीही सोडली. आवाज कुठं हलू दिला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला थोडं समाधानही वाटलं. तिसऱ्या दिवशी मुलांचं पुस्तक घेतलं. त्यात फक्त 'तो धारातीर्थी पडला' एवढंच होतं. सोडण्यासारखं काही नव्हतंच.

बायकोनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"तिन्ही पुस्तकात पोरगा मुकाच मरते का जी?"

मी पुस्तक मिटलं.

"आमच्या गावी मंडईच्या जत्रेत दंडार व्हाये. त्यात तो पडते तवा पाणी मागते, मायले हाक मारते. साऱ्या बाया तोंडाले पदर लावत. मंग तुमच्या एवढ्या शिकलेल्या लोकायनं ते कायले सोडलं?"

दंडारीतले नट मूळ कथेत स्वतःचं घालतात, हे मी तिला आजवर कितीदा ऐकवलं होतं. त्या दिवशीही ऐकवता आलं असतं. पण ती उठली, हिंदी पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

"काल तुमचं बोट मधात थांबलं, मंग खाली गेलं. तिथलं वाचा."

मी ती चार कडवी वाचली. या वेळी आवाज स्थिर राहिला नाही.

ती म्हणाली, "हे पुस्तकातलं झालं. आता आपल्याचं सांगा."

मी सांगितलं. टपरीवरच्या बाईकडून कळलेलं, पाणी मागितल्याचं आणि हाक मारल्याचं. ती रडेल असं वाटलं होतं. ती चिडली.

"मले मारली ना हाक त्यानं? मंग माही होती ते. एवढं वरीस तुमी ठेवून घेतली काहून?"

मग तिनं खालच्या आवाजात विचारलं, "पाणी देल्लं का मंग कोणी?"

पुन्हा खोटं बोलायची हिंमत नव्हती आणि खरं सांगायचीही नव्हती. मी म्हणालो, "उद्या त्या बाईलाच विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला टपरीवर घेऊन गेलो. बाईनं मला ओळखलं. बायको बाकावर बसली आणि तिनं आढेवेढे न घेता विचारलं, "बाई, माह्या पोरानं पाणी मांगलं होतं. भेटलं का त्याले?"

बाईनं एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"भेटलं ना, माय. म्याच देल्लं. दोन घोट पेला."

मला तिनं असं सांगितलं नव्हतं.

"गिलासानं का ओंजळीनं?"

"ओंजळीनं. मान उचलत नोहती त्याची."

बायकोनं तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सोडलाच नाही. मागं चहा उतू जायला आला होता. मीच उठून स्टोव्ह बारीक केला.