रडत वाचलेली बातमी

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन दुसरे वर्ष सुरू होते. एका सोमवारी आमच्या केबल चॅनलच्या संध्याकाळच्या बुलेटिनमध्ये वृत्तवाचक सुधीर भोंगाडे याने नव्या राजधानीच्या जागेची बातमी रडत वाचली. बातमीत रडण्यासारखे काही नव्हते. सरकार शहराबाहेर जागा पाहत आहे, निर्णय अद्याप झालेला नाही, एवढाच मजकूर होता.

मी तेव्हा तिथे वृत्तसंपादक होतो. चॅनल ब्राह्मणपारा मोहल्ल्यात एका घराच्या वरच्या मजल्यावर चालायचे. खालच्या बिऱ्हाडातला कुकर शांत झाला की बुलेटिन सुरू व्हायचे.

भोंगाडे गोंदियाचा. आवाज चांगला, हिंदी स्वच्छ. तो प्रोबेशनवर होता. त्या आठवड्यात त्याला कायम करायचे की परत पाठवायचे, हे मालक ठरवणार होते. परत जाणे म्हणजे मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसून खिळे तोलणे. मामाने गल्ल्यामागची खुर्ची रिकामी ठेवली होती आणि तसा निरोपही पाठवला होता.

नेमका त्याआधी काही दिवस त्याचा घसा बसला.

आमच्याकडे मेकअपच्या टेबलावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे. त्याला सगळे ‘गले का डिब्बा’ म्हणत. त्यात ज्येष्ठमध, खडीसाखर आणि लोकांनी अर्धवट सोडलेल्या गोळ्यांची पाकिटे असत. घसा बरा झाला की उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या डब्यात टाकायच्या. पुढच्याने त्या घ्यायच्या. गोळ्या वाया घालवणे कोणालाच पटत नसे.

भोंगाडेने आधी लाल-काळ्या कॅप्सूल घेतल्या. त्या संपल्यावर पिवळ्या गोळ्या. घसा मोकळा झाला, पण जिभेवर आणि ओठांच्या आतून पांढरा थर चढला. औषध कमी पडले, असा त्याने निष्कर्ष काढला आणि डब्यातली सर्वांत मोठी गोळी सुरू केली. थर वाढला.

सोमवारी बुलेटिनच्या थोडे आधी मालक सेठजी मॉनिटरसमोर बसले. कॅमेऱ्याने भोंगाडेचा क्लोजअप घेतला.

“चूना चाट के आया है क्या?” सेठजींनी विचारले. “ये जीभ मेरे चैनल पर नहीं चलेगी।”

“सर, काहून असं झालं, मले काही समजून नाही राहिलं,” भोंगाडे मला म्हणाला.

दुसरा वाचक नव्हता. मेकअप करणाऱ्या सुनीता दीदींनी तोंडातले पान एका गालात सरकवले.

“पान खवा दे न भैया। लाल हो जाही।”

“होईल का लाल?” मी विचारले.

“हव।”

त्यांनी स्वतःच्या डब्यातले एक पान लावून दिले. भोंगाडेने ते चावले, थुंकले, चूळ भरली. जीभ लाल झाली. सेठजींनी मान हलवली. बुलेटिन सुरू झाले.

आमचे बुलेटिन लाइव्ह असे, म्हणजे वाचलेले परत घेता येत नसे. एरवी वाचक अडखळला तर पडद्यावर व्हिज्युअल लावतात, म्हणजे बातमीची चित्रे. त्या दिवशी व्हिज्युअलची कॅसेट आलीच नव्हती. त्यामुळे चुना-काताने तोंडात पेटवलेली आग शहराने थेट भोंगाडेच्या चेहऱ्यावर पाहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होते. ओठ थरथरत होते. पण त्याने एक शब्द गाळला नाही.

फोन वाजू लागला. पहिल्याने विचारले, “कोन मर गे भैया?”

दुसरा शहराबाहेरच्या अभनपूरचा होता.

“भैया, हमारी ज़मीन गई क्या?”

“निर्णय अभी नहीं हुआ है।”

“तो पढ़ने वाला रो काहे रहा है?”

“उसकी तबीयत ठीक नहीं है।”

“सच बता दो भैया। हम सह लेंगे।”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भोंगाडेला पुरानी बस्तीत डॉ. पुसदकर बाईंकडे नेले. त्यांनी कापसाने जीभ पुसली. पांढरा थर निघाला, खाली लालभडक दिसले.

“काय काय घेतलं?”

भोंगाडेने रंगांनुसार सांगितले.

“कोणी दिलं?”

“डब्यानं.”

“डबा कुठं शिकला डॉक्टरी?”

मग त्यांनी समजावले. तोंडात नेहमीच काही जिवाणू राहतात. ते निरुपद्रवी असतात, जागा अडवून बसतात. अँटिबायोटिक त्यांनाही मारते. बुरशीला मात्र ते काही करत नाही. ती आधीपासून थोडी असतेच, तिला फक्त जागा हवी असते.

“आता रायपुरात कसं,” बाई म्हणाल्या, “घर रिकामं झालं की दुसऱ्या दिवशी कोण्या तरी साहेबाची पाटी लागते. तुझ्या तोंडात तेच झालं. तू जितक्या गोळ्या घेतल्या, तितकी घरं रिकामी करून दिली.”

“अन् घसा, मॅडम?”

“साधी सर्दी होती. ती तशीही चालली होती.”

“म्हणजे एक आजार घालवाले गेलो अन् दुसरा घेऊन आलो?”

“पहिला आपल्या पायानं जाणार होता. दुसऱ्याला तू घर दिलं.”

त्यांनी सगळ्या गोळ्या बंद केल्या. तोंडात घोळवायचे बुरशीवरचे औषध दिले. पान बंद. डबा रिकामा करायला सांगितला.

दुपारी सेठजींनी आम्हा दोघांना बोलावले. भोंगाडेने जाण्यापूर्वी मामाला फोन करून ठेवला होता, फक्त तब्येत विचारायला.

“पूरा शहर बोल रहा है, इस चैनल में दिल है,” सेठजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “हफ्ते में एक बार रो सकता है क्या?”

मी नाही म्हणालो.

“ज़मीन की ख़बर पर भी नहीं?”

“नहीं।”

सेठजींनी विचार केला. “ठीक है। सोमवार को जीभ देखूँगा।”

पुढच्या सोमवारी स्टुडिओचे दिवे लावून सेठजींनी भोंगाडेला जीभ बाहेर काढायला सांगितली. जीभ गुलाबी होती. त्यांनी ती डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली.

“पक्का,” ते म्हणाले.

पत्र्याच्या डब्यात तोवर सुनीता दीदींनी पावडरचे पफ ठेवले होते.

त्या संध्याकाळी भोंगाडेने राजधानीच्या जागेची पुढची बातमी कोरड्या डोळ्यांनी वाचली. बुलेटिन संपताच फोन आला. अभनपूरचाच माणूस होता.

“आज नहीं रोया भैया। बच गई न ज़मीन?”

जागेचा निर्णय अद्याप झालेला नव्हता.