भिंतीशी उभी मुलं

आमच्या हायस्कुलातल्या इतिहासाच्या बाईंना मुलं ‘तोफ’ म्हणत. मध्ययुगाचा धडा आला की त्या निम्मा वर्ग मागच्या भिंतीशी उभा करत. "तुम्ही लहानपणीच गेलात. कुणी साथीत, कुणी दुष्काळात. आता तोंड उघडायचं नाही." मग बाकांवर उरलेल्यांना शेतकरी, विणकर, सरदार करून त्या काळचा समाज समजावत. मुलं सुरुवातीला फिदीफिदी हसत, पण तास संपेपर्यंत वर्ग गप्प होई.

मी शेजारच्या वर्गात भूगोल शिकवतो. मेल्याचं सोंग कसलं करायला लावता, असं मी एकदा म्हणालो, तर खेकसल्या, "नुसत्या सनावळ्या घोकून काय दिवे लावणार आहेत ती?"

यंदा सुट्टीत त्यांच्या वर्गातली एक मुलगी तापाने गेली. शाळा उघडल्यावर तोच धडा आला. थोरल्या भावंडांकडून सगळं ठाऊक असलेली काही मुलं आपणहून उठून भिंतीकडे निघाली. दोन वर्गांमधल्या उघड्या दारातून मला दिसत होतं.

"बसा रे," बाई कशाबशा म्हणाल्या. "सगळे बसा."

मग खडू ठेवून त्या स्वतःच भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. घंटा होईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.