झाकण उघडायचं नाही

आमच्या काकांना नवी वस्तू दाखवली की ते तिच्याकडे बघत नाहीत, आधी ठोकतात. मधलं बोट वाकवून, दोनदा. मग मान तिरकी करून ऐकतात. टेबल असो, दार असो, कलिंगड असो, पाहुण्याची नवी बॅग असो. त्यांच्या कामावरची मंडळी त्यांना म्हणायचीच ‘ठकठक’.

दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे. काकांची हयात नाटकांना लागणाऱ्या खोट्या वस्तू बनवण्यात गेली. थर्माकोलचे दगड, पुठ्ठ्याच्या तिजोऱ्या, मेणाची फळं, कापसाचा बर्फ. एकदा चोराचं काम करणारा नट त्यांची ‘लोखंडी’ तिजोरी घामाघूम होऊन ओढत होता, तेवढ्यात विंगेतल्या पंख्याचा झोत आला आणि तिजोरी आपणहून त्याच्या पुढे निघाली. प्रेक्षक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. काका मात्र घरी येऊन गंभीरपणे म्हणाले, “पंखा लागेपर्यंत सगळ्यांना खरी वाटत होती. लोक कशावरही विश्वास ठेवतात गं.” त्यांचा स्वतःचा विश्वास तेव्हापासून कशावरच राहिलेला नाही.

अशा माणसाला काकूने सांगितलं, “अहो, मला एक दणकट आइसबॉक्स घेऊन द्या. वस्तू पारखावी तर तुम्हीच.”

ही चूक होती, हे तिला नंतर कळलं.

काकू तलावावर बायकांना पोहायला शिकवते. तिच्या वर्गातल्या चौघींनी टूम काढली की एका मोठ्या तळ्याकाठी तंबू लावून तीन रात्री राहायचं, आणि बाईंना सोडून जायचं नाही. काकूने आयुष्यात एकच तंबू जवळून पाहिला होता, काकांनी रंगवलेला. तो पुढूनच तंबू होता, मागून नुसते बांबू. ती लगेच हो म्हणाली. अडचण एवढीच की तिला रोज इन्शुलिन लागतं. ते गाडीच्या डिकीत तापलं तरी वाया, बर्फाला चिकटून गोठलं तरी वाया. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “खात्रीची पेटी असेल तर खुशाल जा. नसेल तर घरी बसा.”

म्हणजे पेटी पास, तर काकू जाणार. पेटी नापास, तर काकू घरी. आणि परीक्षक कोण, तर आमचे काका!

दुकानात मला सोबत नेलं होतं, साक्षीदार म्हणून. दुकानदार दाढीवाला, तरतरीत, हसतमुख. त्याच्या हसण्यावरच काकांचा पहिला संशय.

“या काका. ही बघा, आमच्याकडे सगळ्यात जास्त खपते.”

“का खपते?”

“चांगली आहे म्हणून.”

“की स्वस्त आहे म्हणून?”

“स्वस्तही आहे.”

“मग चांगली कशी?”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी तंबूच्या खुंट्या निरखायला लागले.

टक टक. काकांनी आधी पेटीच्या भिंतीवर ठोकलं, मग झाकणावर. चेहरा उजळला. “भिंत भरलेली आहे, झाकण पोकळ. आत नुसती हवा. बोल, खोटं?”

“झाकण... हो, या मॉडेलचं तसंच येतं.”

“तसंच येतं म्हणे! पुढची दाखव.”

पुढची जाड होती, भुऱ्या रंगाची, दिसायला ओबडधोबड. तिच्यावर चिकटवलं होतं, ‘बर्फ पाच दिवस टिकतो’.

“कुणी मोजले पाच दिवस?”

“कंपनीने.”

“म्हणजे मुलाने स्वतःचं प्रगतिपुस्तक स्वतःच भरलं.”

“तसं नाही काका. पेटी आधी गार करून घेतली, गच्च भरली, सावलीत ठेवली, झाकण सारखं उघडलं नाही, तर...”

“आल्या अटी!” काका माझ्याकडे वळले. “ऐकलंस? अटी आल्या.”

मग त्यांनी जुन्या बिलाचा एक कागद मागून घेतला, आळीपाळीने दोन्ही पेट्यांच्या झाकणांच्या फटीत धरला, खटके दाबून पेटी बंद केली आणि कागद ओढला. स्वस्त पेटीतून तो अलगद बाहेर आला. इथे फाटला. रबराची पट्टी गच्च बसत होती. काकांना ते आवडलं नाही. संशयाला जागा कमी झाली की त्यांची चिडचिड होते. बिजागरी हलवून झाली. पाणी काढायच्या भोकाचं बूच नुसतं दाबून बसवलंय की आटे आहेत, ते फिरवून झालं. मग स्वतः वर बसले, मला बसवलं, आणि दुकानदाराला म्हणाले, “चढ.”

“मी?”

“चढ आणि उडी मार.”

“काका, गिऱ्हाइकं बघतायत.”

“बघू देत. तुझीच जाहिरात होतेय.”

त्याने बिचाऱ्याने मारली उडी. पेटी हूं की चूं नाही. काकांनी वाकून तिच्या कोपऱ्यातल्या एका छिद्रावर बोट ठेवलं. “हे भोक कशाला?”

“कुलपासाठी. जंगलात जनावरं झाकण उघडतात, म्हणून.”

“जनावरं खटके उघडतात?”

“अस्वलं उघडतात म्हणे.”

“म्हणे,” काका म्हणाले. “घेतो. पण माझा विश्वास नाही.”

घरी गॅलरीत चाचणी सुरू झाली. पेटीत बर्फ, वर फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली, म्हणजे इन्शुलिनच्या जागी, आणि तिला टेकवून थर्मामीटर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आत आले ते हात पुसत. “पाणी. सगळं पाणी. म्हणे पाच दिवस!”

काकूचा चेहरा पडला. काकांचा मात्र, मला वाटलं, तेवढा पडला नाही.

पेटी दुकानात परत गेली. दुकानदाराने ती उलटसुलट पाहिली. “काका, उघडली किती वेळा?”

“एखाद-दोनदा.”

“नक्की?”

“तू माझ्यावर संशय घेतोस?” काका खरोखरच दुखावले.

त्याने मुकाट्याने पेटी बदलून दिली. दुसरी पेटी, तोच बर्फ, तीच गॅलरी. निकालाची चिन्हं तीच दिसायला लागली. इकडे मैत्रिणींचा फोन वाजला, “बाई, तुमचं काय ठरलं? तंबू सांगायचेत.” काकू म्हणाली, “उद्या सांगते,” आणि फोन ठेवून मला स्वयंपाकघरात ओढलं.

“तुला काही वेगळं वाटत नाही?”

“कशात?”

“दोन पेट्या. दोन्ही एकाच माणसाच्या ताब्यात. दोन्हींचा बर्फ गायब.”

“काकू! काका कशाला असं करतील?”

“तेच बघायचंय.”

गॅलरीत दोरीवर चादर वाळत होती. तिच्याआड आम्ही दोघी उभ्या राहिलो. काका आले. टक टक. खटके उघडले, झाकण पूर्ण वर केलं, हात घातला, बर्फ चाचपला, थर्मामीटर बाहेर काढून उजेडात धरला, मान हलवली, सगळं परत ठेवलं. गेले. आम्ही श्वास सोडतोय तोच परत आले. टक टक. झाकण वर. हात आत. तिसऱ्यांदा तर त्यांनी नुसतंच उघडून बराच वेळ आत बघितलं, पाळण्यात बघावं तसं.

काकूने चादर बाजूला सारली. “काय चाललंय?”

काका दचकले. झाकण त्यांच्या हातातून धाडकन पडलं. “बघतोय.”

“कितव्यांदा?”

“बघायला नको?”

“अहो, दर वेळी गार हवा बाहेर आणि गरम हवा आत! तुमच्याच हातांनी वितळवताय बर्फ.” मग तिचा आवाज खाली आला. “मुद्दाम?”

“मुद्दाम कशाला?”

“मी जाऊ नये म्हणून.”

“असं मी म्हणालो का?”

“म्हणाला नाहीत, म्हणून तर विचारतेय.”

काका पेटीवर बसले. टाचेने तिच्यावर हळूहळू ठोकत राहिले. “उघडल्याशिवाय कळणार कसं, आत काय चाललंय ते?” मग म्हणाले, “मागच्या वर्षी तू ओट्याशी उभी होतीस. ठणठणीत. माझी थट्टा करत होतीस. मी डबा ठेवायला वळलो, परत बघतो तर तू खाली. बाहेरून काही कळलं का मला? काही नाही.”

मी चादरीचं टोक पिळत राहिले. ते केव्हाच वाळलेलं होतं.

“म्हणून मी स्वयंपाकघरात असले की सारखे पाणी प्यायला येता?”

“तहान लागते.”

“इतकी? मग डॉक्टरीणबाईंना दाखवा, तुम्हालाही साखर निघेल.” पण तिने ते रागाने म्हटलं नाही. “उठा. उठा म्हणते ना.”

तिने नवा बर्फ आणून पेटी गच्च भरली, उन्हातून ओढून सावलीत घेतली, खटके लावले, आणि कपाटाचं पितळी कुलूप काढून त्या कोपऱ्यातल्या छिद्रात अडकवलं. “कुलपाचं भोक कशाला असतं ते आता कळलं मला. अस्वलांसाठी नाही, नवऱ्यांसाठी.” किल्ली तिने गळ्यातल्या साखळीत ओवली. मैत्रिणींना फोन करून सांगितलं, “माझा तंबू सांगून ठेवा.”

“अजून निकाल लागला नाही,” काका पुटपुटले.

“लागेल. तोवर हात लावायचा नाही.”

पुढचे चार दिवस आम्ही सगळ्यांनी कसे काढले, आम्हालाच ठाऊक. काका गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसले. पेटीला कान लावून झाला. उचलून वजनाचा अंदाज घेऊन झाला. “बुचातून एक थेंब काढून बघतो फक्त,” म्हणून झालं. “हात मागे,” काकू आतूनच ओरडायची. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, “ती झोपताना साखळी काढते का गं?” मी म्हटलं, “काका, लाज वाटू द्या.” त्यांनी वाटून घेतली, पण थोडीच.

शेवटी, जायच्या आदल्या दिवशी, काकूने सगळ्यांसमोर कुलूप काढलं. बर्फाचे कोपरे झिजले होते, खाली पाणी साठलं होतं, पण मोठा गोळा शाबूत. बाटली गार, गोठलेली नाही. काकांनी वाकून त्या बर्फावर ठोकलं. टक टक.

“तू नवा टाकलास.”

“किल्ली होती माझ्याकडे, बर्फाचा कारखाना नव्हता.”

“कुणीतरी टाकला.”

“कापसाचा असेल. चावून बघा.”

काकांनी खरोखरच एक तुकडा तोडून तोंडात टाकला. गाल फुगले, डोळे मिटले. सगळा विरघळू दिला. मग तक्रार करावी तसं म्हणाले, “खरा आहे.”

सकाळी गाडी आली. नवा बर्फ भरलेली पेटी काकांनीच डिकीत नेऊन ठेवली, उन्हाच्या बाजूला नको म्हणून दोनदा फिरवली. “किल्ली दे एकदा. शेवटचं बघतो.”

“नाही.”

“अगं, औषध नीट ठेवलंयस का, एवढंच...”

“सकाळ-संध्याकाळ मी उघडणार, औषध घेणार, बंद करणार. तुम्ही बघायचं नाही, आणि मला फोनवर फोन करायचे नाहीत. मीच करीन.”

गाडी वळेपर्यंत काका रस्त्यात उभे होते. त्या दिवशी त्यांनी घरातलं सगळं लाकूड ठोकून काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला. तिचा खणखणीत आवाज मलाही ऐकू येत होता.

“जेवलीस?”

“जेवले.”

“इंजेक्शन?”

“घेतलं. आणि पोहून आले. अहो, हा तंबू मागूनही खरा आहे!”

“चक्कर वगैरे?”

“नाही.”

काका थांबले. माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “बर्फ आहे?”

“थांबा, उघडून बघते हं...”

“नको!” काका एवढ्या जोरात ओरडले की मी खुर्चीतून उठले. “उघडू नकोस. अजिबात नको. राहू दे. असेल.”

पलीकडून ती हसत राहिली. फोन ठेवल्यावर काका सवयीने स्वयंपाकघरात गेले, रिकाम्या ओट्यापाशी घटकाभर उभे राहिले, आणि पाणी न पिताच परत आले.